अडीच पौंड

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या टीममधल्या काकांनी मला एक स्प्रेडशीट शेअर केली. फाइलचं नाव होतं 'अडीच पौंड'. मला वाटलं डाएटचं काहीतरी असेल. उघडून बघितलं तर पहिल्या ओळीत रिकामी रायफल, दुसऱ्या ओळीत स्कोप, मग रिंगा, मग पट्टा, आणि खाली बेरीज: ४.६ किलो. शेजारच्या रकान्यात फक्त एकच आकडा होता: ३.५ किलो. मधल्या ११०० ग्रॅमना इथल्या मापात साधारण अडीच पौंड म्हणतात.

काका म्हणजे आमच्या टीममधले टेस्टर. वय ६३. सगळं ऑफिस त्यांना नावाने हाक मारतं, मीही मारतो, पण मराठीत लिहायला बसलो की त्यांना अरे-तुरे करायला हात धजावत नाही. म्हणून काका. आमच्या कोडमधले जे बग बाकी कुणाला सापडत नाहीत ते त्यांना सापडतात, कारण ते 'चाललं' या शब्दावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. 'किती वेळा चाललं?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

मी गेली चार वर्षं बॉइसीत आहे. बॉइसी ही आयडाहो राज्याची राजधानी. या राज्यातली साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे, आणि तिच्यातल्या बऱ्याचशा जंगलात परवाना काढून कुणालाही शिकार करता येते. ऑक्टोबर जवळ आला की ऑफिसच्या कॅलेंडरवर एल्कच्या रजा दिसायला लागतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. मोठा नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. तो रस्त्याच्या कडेला उभा राहत नाही. त्याच्यासाठी दोन-दोन हजार मीटर उंचीवरचे डोंगर चढावे लागतात, आणि काकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, ओझं कमी ठेवायला सांगितलं होतं. पस्तीस वर्षं वापरलेली अक्रोडाच्या दस्त्याची रायफल आता त्यांना डोंगरावर नेता येणार नव्हती. 'अजून तीन-चार सीझन मिळावेत एवढंच', ते म्हणाले. त्यासाठी त्यांना हलकी रायफल हवी होती, आणि ती पारखून घ्यायला आकडे लिहून घेणारा माणूस हवा होता. तो माणूस मी.

त्याआधी एक कायदेशीर भानगड होती. माझ्यासारखा कामाच्या व्हिसावर आलेला माणूस अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगू शकत नाही. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे खिशात राज्याचा वैध शिकार परवाना असणं. म्हणजे मला एकही जनावर मारायचं नसलं, तरी रेंजवर काकांच्या रायफलला हात लावायचा तर आधी शिकारी व्हायला हवं. आयडाहोत १९७५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. मी तो केला. कोर्सची पुस्तिका चाळताना एक मजेशीर नियम सापडला: मोठ्या जनावराच्या शिकारीला वापरायची रायफल, स्कोप आणि पट्ट्यासकट, १६ पौंडांपेक्षा जड असता कामा नये. कायद्याला जडपणाची मर्यादा घालावीशी वाटली. हलकेपणाची मर्यादा मात्र ज्याची त्याने शोधायची.

आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, 'थंय जावन तुका बंदूक कित्याक होयी?' आमच्या घरी बंदूक हा विषय नवा नाही. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशा कितीतरी आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, हे मी लहानपणापासून बघितलंय. माझ्या आठवणीत ती बंदूक आकाशाकडेच उडाली, भातातली रानडुकरं पळावीत म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीच्या गोष्टी आजोबा सांगायचे त्यातलं एक लक्षात राहिलंय: ठासणीच्या बंदुकीला बार एकच. दुसऱ्यांदा दारू भरून, ठासून, तयार होईपर्यंत जनावर डोंगरापलीकडे. त्यामुळे सगळी अक्कल बार उडवण्याआधी वापरायची, म्हणजे जवळ जाण्यात.

मॅग्नम हा त्याच्या अगदी उलटा विचार आहे.

मॅग्नम हा मुळात लॅटिन शब्द, 'मोठा' या अर्थाचा. वाइनच्या मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणत, आणि तिथून तो काडतुसांकडे आला. नेहमीपेक्षा जास्त दारू मावणारं काडतूस म्हणजे मॅग्नम. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये '३७५ मॅग्नम' काढलं, त्याच्या बुडाशी एक जाडसर पट्टा होता. १९६३ मध्ये आलेलं '३०० विंचेस्टर मॅग्नम' त्याच घराण्यातलं, तो पट्टा त्याच्याही बुडाशी आहे. काकांची जुनी रायफल याच काडतुसाची. पावणेबारा ग्रॅमची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर असतो. इतक्या वेगामुळे ती लांबवर सपाट जाते, आणि लांब गेल्यावरही तिच्यात दम उरतो. थोडक्यात, मॅग्नम तुम्हाला सांगतं की जवळ जायची तेवढी गरज नाही.

मी काकांना सुचवलं की काडतूसच बदला. २००७ मध्ये आलेलं '६.५ क्रीडमूर' आजकाल सगळीकडे आहे, आणि तेवढ्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का निम्म्याहून कमी. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पस्तीस वर्षं मला एकाच गोळीची सवय आहे. ती किती खाली जाते, वाऱ्याने किती सरकते, हाडावर काय करते, हे माझ्या अंगात बसलंय. काडतूस आणि रायफल दोन्ही एकदम बदलली, तर काही बिघडल्यावर दोष कुणाचा ते कसं कळणार?' एका वेळी एकच व्हेरिएबल. टेस्टर माणसाशी वाद घालायचा नसतो. माझ्या मते त्यांनी क्रीडमूर घ्यायला हवं होतं. पण एकच काडतूस आणि दोन वजनं, असा स्वच्छ प्रयोग त्यामुळे आमच्या हातात आला, हे खरं.

*

धक्क्याचं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. गोळी पुढे जाते, तिच्या मागून जळलेल्या दारूचा वायू आणखी वेगाने पुढे जातो, आणि तेवढाच संवेग रायफल मागे घेऊन येते. ३०० मॅग्नमसाठी हा संवेग साधारण १७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ४.६ किलोची रायफल त्याने सेकंदाला ३.७ मीटर वेगाने खांद्यावर येते, ऊर्जा सुमारे ३१ जूल. तीच रायफल ३.५ किलोची केली की वेग ४.९ मीटर आणि ऊर्जा ४१ जूल. वजन एक चतुर्थांशाने कमी केलं, धक्का एक तृतीयांशाने वाढला. डोंगरावर जे वजन वाहायचं टाळलं, त्याची वसुली खांद्यावर होते.

धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावता येतो. तो वायू बाजूला फेकतो आणि धक्का चांगलाच कमी करतो, पण आवाज उडवणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानावर आदळतो. काकांना डाव्या कानाने आधीच कमी ऐकू येतं. उजव्या खांद्यावरून रायफल उडवणाऱ्यांचा डावा कान आवाजाच्या जास्त समोर येतो, म्हणून अनेक जुन्या शिकाऱ्यांचं हेच होतं. ब्रेक यादीतून गेला.

हलकी रायफल म्हणजे नेमकं कुठे हलकी? अक्रोडाच्या जागी सिंथेटिक दस्ता, पातळ नळी, आणि जिथे लोखंड खरवडून काढता येईल तिथून काढलेलं. याच्याही पुढे जायचं तर कार्बन फायबर गुंडाळलेली नळी आणि टायटॅनियमची बॉडी मिळते, पण तिथे दर शंभर ग्रॅमला सेकंडहँड बाइकची किंमत मोजावी लागते. काकांनी फिनलंडच्या टिक्का कंपनीची टी३एक्स लाइट घेतली, साधारण तीन किलोची. साधी, काळी, कुणी वळूनही बघणार नाही अशी. दुकानदाराने याहून हलकी एक रायफल काढून दाखवली. काकांनी ती खांद्याला लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, 'ही फार छान आहे. हिला उचलायचीच असेल तर.'

राहिले पाचशे ग्रॅम. त्यात स्कोप, रिंगा आणि पट्टा बसवायचा होता.

स्कोपच्या बाबतीत माझी मोबाइल घेतानाची अक्कल काही कामाची नव्हती. मला वाटायचं, जास्त झूम आणि मोठी काच म्हणजे चांगला. तशा ५६ मिलिमीटर काचेचे, पंचवीस पटींचे स्कोप एक किलोच्या घरात जातात, म्हणजे वाचवलेलं सगळं वजन पुन्हा डोक्यावर. शिवाय धक्का बसतो तेव्हा रायफल झटकन मागे जाते आणि स्कोप जडत्वामुळे जागच्या जागी राहू बघतो. तो जितका जड तितका रिंगांवर ताण. हलक्या मॅग्नमवर जड स्कोप हा दोन्ही बाजूंनी तोटा.

मग प्रकाशाचा हिशेब. आयडाहोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार चालते, आणि जनावर बहुतेक त्या कडांवरच दिसतं. स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे काचेचा व्यास भागिले पट. ४० मिलिमीटरची काच आणि आठ पट केली की पाच मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर साधारण पाचच. म्हणजे काकांच्या डोळ्याला पाचपेक्षा जास्त जाड झोत देऊन उपयोग नाही, उरलेला प्रकाश बुबुळाच्या कडेवर सांडणार. हे गणित मी त्यांना दाखवलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'चला, म्हातारपणात निदान वजन तरी वाचलं.'

तिसरी गोष्ट डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतर. मॅग्नमवर ते साडेतीन इंचांपेक्षा कमी असलं तर स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते. रेंजवर अशा खुणा असलेले दोघं-तिघं भेटतात आणि कुणीही त्याबद्दल विचारत नाही. शेवटी यादी छोटी झाली: काच ४० मिलिमीटर, जास्तीत जास्त दहा पट, वजन ४०० ग्रॅमच्या आत.

*

पहिला स्कोप बसवायला आम्ही काकांच्या गॅरेजमध्ये एक अख्खी संध्याकाळ घालवली. रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्याने सुमारे दोन न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. दाराच्या चौकटीत ओळंबा सोडला आणि स्कोपची उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवली. रेघ तिरकी राहिली तर जवळ काही कळत नाही, लांबच्या गोळीला मात्र ती बाजूला नेते. गवंड्याच्या हातात बघितलेला ओळंबा इथे भेटला, तेव्हा त्याला मराठीत काय म्हणतात हे मी काकांना शिकवलं. त्यांना 'ळ' जमला नाही.

दुसऱ्या दिवशी रेंजवर उंच कागदाची परीक्षा. १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, एक लांब कागद लावायचा. त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारायची. स्कोपची चकती ४० टिचक्या वर फिरवायची. एक टिचकी पाव मिनिटाच्या कोनाची, म्हणजे ४० टिचक्यांना गोळी २६.६ सेंटिमीटर वर लागायला हवी, त्याच रेघेवर. मग ४० टिचक्या परत खाली, आणि गोळी जिथून निघाली तिथे यायला हवी. आमच्या स्कोपची गोळी वर बरोबर गेली. परत येताना तीन सेंटिमीटर उजवीकडे राहिली. पुन्हा केलं, यावेळी चार. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, एखादा नग असा निघू शकतो. पण कागदावर एवढंसं दिसणारं हे अंतर ३०० यार्डांवर तिप्पट होतं. स्कोप खोक्यात घालून परत गेला. त्याच्या जागी ओरेगॉनच्या ल्युपोल्डचा साडेतीन ते दहा पटींचा आला. त्याने पाच वेळा फिरवूनही गोळी जागेवर आणली, तेव्हा काकांनी रकान्यात हिरवा रंग भरला.

मग अचूकता. थंड नळीतून पहिल्या तीन गोळ्या १०० यार्डांवर एकमेकींना जवळजवळ चिकटून बसल्या. बाहेरच्या कडा मोजल्या तर दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाने फोटो काढायला सांगितलं. काकांनी कागद फाइलमध्ये ठेवला आणि त्यावर लिहिलं: 'एन = ३'.

घरी आल्यावर मी वीस ओळींचा पायथन लिहिला. एक काल्पनिक रायफल घेतली, जिचा विखार कायम तेवढाच. तिच्यातून तीन-तीन गोळ्यांचे दहा हजार गट उडवले. त्याच रायफलने कधी बोटाच्या पेराएवढा गट दिला, कधी त्याच्या तिप्पट. दहा-दहा गोळ्यांचे गट घेतले तर सरासरी रुंदी तीनवाल्यांच्या साधारण दीडपट ते १.६ पट. म्हणजे तीन गोळ्यांचा सुंदर कागद हा बऱ्याचदा नशिबाचा कागद असतो, आणि लोक नेमका तोच पाकिटात ठेवतात.

शिवाय पातळ नळी पटकन तापते, आणि तापलेल्या नळीचा गट थंड नळीसारखा असेलच असं नाही. जंगलात गोळी सुटते ती थंड नळीतून, एकच. म्हणून आम्ही जून ते ऑगस्ट दहा वेगवेगळ्या सकाळी रेंजवर गेलो आणि दर सकाळची पहिली गोळी एकाच कागदावर मारली. ऊन, ढग, एकदा पाऊस. तो कागद भरायला अडीच महिने लागले. दहा भोकं साडेचार सेंटिमीटरच्या वर्तुळात मावली. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हा आकडा खरा होता. जुन्या रायफलचा याच पद्धतीचा कागद सहा सेंटिमीटरचा निघाला. नवी जिंकली.

टेबलावर.

*

टेबलावर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकलेली असते. डोंगरावर पिशव्या नसतात. सप्टेंबरमध्ये आम्ही रेंजच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे बसून, काठीच्या तिकाटण्यावर टेकून, पाठपिशवीवर रेलून उडवता येतं. निशाण म्हणून नऊ इंची कागदी ताटल्या. एल्कच्या हृदय-फुप्फुसाची जागा याहून मोठी असते, पण काकांना जंगलातल्या घाईसाठी शिल्लक हवी होती. नियम सोपा: आधी पार्किंगपासून जिना चढून-उतरून यायचं, श्वास फुललेला असतानाच बसायचं आणि एक गोळी मारायची. एका अंतरावर दहापैकी दहा गोळ्या ताटलीत, तरच ते अंतर पास.

जुनी जड रायफल ३५० यार्डांना पास झाली. नवी २५० ला. ३०० ला दहापैकी सात.

मी दोन वेळा आकडे तपासले. टेबलावर जास्त अचूक असलेली रायफल माणसाच्या हातात शंभर यार्डांनी कमी पडत होती. कारणं दोन. हलकी रायफल हातात स्थिर राहत नाही. जड वस्तूला नाडीचे ठोके हलवू शकत नाहीत, हलकीला हलवतात. स्कोपमधली रेघ ठोक्यागणिक उडताना दिसते. दुसरं कारण शोधायला मी मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्येमध्ये नकली काडतुसं घातली, काकांना न सांगता, आणि फोन स्लो मोशनवर लावला. नकली काडतुसावर चाप ओढला की धक्का येत नाही. अशा वेळी नळीचं टोक हललं तर ते माणसाने हलवलेलं असतं. पहिल्या आठ गोळ्यांपर्यंत टोक स्थिर. नवव्यानंतर चाप ओढायच्या क्षणी ते किंचित खाली जायला लागलं. काकांना पटेना, तेव्हा व्हिडिओ दाखवला. ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. 'हा माझा खांदा बोलतोय', ते म्हणाले. 'त्याला पुढचं आधीच कळतं.' ४१ जूल ही संख्या स्प्रेडशीटमध्ये मार्चपासून होती. ती शरीरात कशी दिसते ते सप्टेंबरमध्ये दिसलं.

मग सरावाची पद्धत बदलली. एका दिवशी आठच गोळ्या. बाकी रोज रात्री घरी, रिकाम्या रायफलवर वीस वेळा चाप. ३०० मॅग्नमचं एक काडतूस दोन-तीन डॉलरला पडतं, रिकामा चाप फुकट. महिन्याभराने पुन्हा ताटल्या लावल्या. ३०० ला दहापैकी आठ. २५० ला दहाही.

मी म्हटलं, आठ म्हणजे ऐंशी टक्के, वाईट नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. 'उरलेल्या दोन ताटल्या कुठे जातात?' त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. कागदी ताटली हुकली की दुसरी लावता येते. जनावराच्या पोटात किंवा पायात गोळी लागली तर ते दोन डोंगर ओलांडून, दोन दिवस घेऊन मरतं, आणि ते कुणाच्याच स्प्रेडशीटमध्ये येत नाही. त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा घेतला, त्यावर २५० लिहिलं आणि दस्त्यावर, गाल टेकतो त्याच्या जरा पुढे, चिकटवला. माझा आकडा १५० आला होता. तो कुठे चिकटवायची गरज नव्हती, कारण मी जनावरावर गोळी झाडणार नव्हतो.

आजोबांच्या बंदुकीत ही पट्टी आधीपासून होती. तिच्या नळीत, तिच्या दारूत, तिच्या त्या एकाच बारात. लांब मारायची सोयच नव्हती, त्यामुळे जवळ जाण्यावाचून पर्याय नव्हता. मॅग्नमने आणि स्कोपने ती मर्यादा काढून टाकली. आता ती चिकटपट्टीने परत लावावी लागते, स्वतःच्या हाताने, घरी असताना, शांत डोक्याने. डोंगरावर ती ठरवता येत नाही. तिथे प्रत्येकाला आपलं अंतर जरा जास्तच वाटतं.

*

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही बॉइसी नॅशनल फॉरेस्टमध्ये होतो. काका, त्यांची मुलगी आणि मी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या उतारावर एक मोठा नर बाहेर आला. त्याचा श्वास थंडीत दिसत होता. लेझरने अंतर ४१० यार्ड दाखवलं. रायफल २०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे गोळी अर्धा मीटरभर खाली जाणार, आणि गालावर लागत होता तसा वारा तिला आणखी पाऊण-एक फूट बाजूला नेणार. हे सगळं कोष्टकात होतं. स्कोपमध्ये तो स्पष्ट दिसत होता. दुकानातल्या जाहिरातींमध्ये याहून लांबच्या गोळ्या असतात.

काकांनी बोल्ट मागेसुद्धा ओढला नाही. ते ओघळीतून खाली उतरायला लागले, आम्ही मागे. गुडघ्यामुळे त्यांचा वेग माझ्या निम्मा. १५० यार्ड जवळ जायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात उजेड आणि नर दोन्ही गेले. परत वर चढताना मी विचारलं, वाईट वाटतंय का. 'वाटतंय तर', ते म्हणाले. 'पण जुनी रायफल असती तर मी आज तंबूतच बसलो असतो.' त्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत होतो. ११०० ग्रॅमने त्यांच्याकडून शंभर यार्ड घेतले होते, आणि बदल्यात त्या शंभर यार्डांमधून चालत जायची ताकद दिली होती. फायदा झाला की तोटा, हे कुठल्याही सूत्रात बसवता आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, सूर्य वर यायच्या जरा आधी, एक तरुण नर आमच्याच बाजूच्या कड्यावरून खाली आला. १८० यार्ड. काका पाठपिशवीवर रेलले. मी त्यांच्या मागे होतो, मला नळीचं टोक दिसत होतं. ते हललं नाही. आवाज झाला, नर चाळीसेक पावलं पळाला आणि बसल्यासारखा खाली गेला. काकांनी दुसरं काडतूस आत सरकवलं, दहा मिनिटं जागेवरून उठले नाहीत, आणि मग टॅगवर तारीख-महिन्याच्या जागी खाच पाडायला चाकू काढला. हात थोडे थरथरत होते. जवळ गेलो तेव्हा त्यांनी टोपी काढली होती. मी काय वाटतंय ते नीट सांगू शकत नाही. मी पाच महिने या एका क्षणाचे आकडे लिहीत होतो, आणि त्या क्षणी मला एकही आकडा आठवला नाही. त्याच्या कानाच्या आतले केस फार मऊ होते, एवढं लक्षात आहे.

नंतर जे काम होतं त्याबद्दल स्प्रेडशीटमध्ये एकही रकाना नव्हता. आयडाहोच्या कायद्यात मांस जंगलात टाकून जाणं गुन्हा आहे. पुढचे-मागचे पाय, पाठीचं मांस, सगळं खाली आणावं लागतं. साधारण ऐंशी किलो, गाडीपर्यंत पाच किलोमीटर, तीन माणसं, त्यातल्या एकाचा गुडघा कामातून गेलेला. सुऱ्या चालवता चालवता दुपार झाली. कापडी पिशव्यांमध्ये भरलेलं मांस सावलीत टांगलं आणि फेऱ्या सुरू केल्या. काकांची मुलगी आणि मी दर फेरीला वीस-वीस किलो घेत होतो. खांद्यावर पट्टे रुतत होते, आणि एका ठिकाणी ओढा ओलांडताना मला त्या अडीच पौंडांचं हसू आलं.

दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा अंधार पडला होता. काका आमच्या पुढे चालत होते, कपाळावर दिवा लावून, वाटेतले दगड आम्हाला ओरडून सांगत. त्यांच्या पाठीवर मांस नव्हतं, आम्ही दिलंच नाही. खांद्यावर फक्त रायफल होती, आणि ती त्यांना सबंध वाटेत एकदाही दुसऱ्या खांद्यावर घ्यावी लागली नाही.